ठकूमायचा गालिचा

“हिलाही बाळंतपणाला भुईवरच घालू. ठकूमायचा रिवाज आपल्याच घरातून मोडायला नको,” आत्याबाई जाऊबाईंना सांगत होत्या. मी दाराआड तांदूळ निवडत होते. लग्नाला वर्ष व्हायचंय आणि मला सातवा लागलाय. ही ठकूमाय कोण, ते गावात सगळेच सांगतात. तेच मी सांगते.

फार वर्षांपूर्वी आमचं गाव गाव नव्हतं. मेंढरांमागे पालं ठोकत फिरणारा तळ होता. त्या तळावर ठकू नावाची बाई होती. उभ्या धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ मारून ती पालात अंथरायचे गालिचे विणायची. थंडीत त्यावर निजलं की मेंढीच्या कुशीत शिरल्यासारखं वाटे, असं म्हणतात. तिच्या स्वतःच्या पालात मात्र गवत होतं. हे कुणी म्हणत नाही, पण गोष्टीत आहे.

मुखिया बिराप्पासाठी तिनं सर्वांत मोठा गालिचा विणला. शेवटची गाठ मारली आणि तिथेच कळा सुरू झाल्या. पौषातली सकाळ, भुईवर दहिवर. “आप्पा, तेवढ्यापुरतं मला यावर घ्या,” ती म्हणाली.

“डाग पडंल गं,” बिराप्पा म्हणाला. “तुला भुईची सवयच हाय.”

बायकांनी गालिचा गुंडाळून उचलला. ठकू भुईवर बाळंत झाली. मूल रडलंच नाही, आणि दुपारपर्यंत तीही गेली.

त्यानंतर त्या गालिच्याची लोकर वाढायला लागली, असं म्हणतात. जिवंत मेंढीची वाढते तशी. वर्षातून दोनदा कातरावी लागे. मेल्यावरही तळाला तिच्याकडून लोकर मिळतच होती. पण बिराप्पाला त्यावर ऊब येईना. अंगावर चार घोंगड्या घेऊन तो वैशाखात कुडकुडायचा, आणि कुडकुडतच मेला, असं म्हणतात. मग सगळे घाबरले. ठकूची ठकूमाय झाली, तिच्या नावानं दगडाला शेंदूर लागला, आणि ती भुईवर बाळंत झाली म्हणून गावातल्या प्रत्येक बाईनं भुईवरच बाळंत व्हायचं, असं ठरलं. ठरवणारे तेव्हा गालिच्यावर बसले होते, असं मी म्हणते.

आजही तसंच चालतं. गालिचा बिराप्पाच्या वंशात, म्हणजे आमच्याच घरात, पेटीत आहे. चैत्रात त्याला हळदकुंकू वाहतात आणि परत घडी घालतात. गेल्या पौषात माझी चुलतजाऊ भुईवर बाळंत झाली. तिचं मूल दोन दिवस होतं.

काल सगळे जेवायला बसले होते. या घरात आल्यापासून मी हो-नाहीपलीकडे फारसं बोलले नव्हते. भाकरी वाढता वाढता म्हणाले, “आत्याबाई, ठकूमायनं भुई नव्हती मागितली, गालिचा मागितला होता. तो पेटीतून काढा आणि उन्हात टाका. मला लागणार आहे.”