डाव्या हाताचं रक्त

मसराम मास्तरांच्या बॉक्सिंग केंद्रावर अकरा वर्षांत एकही साहेब फिरकला नव्हता. लष्करातून निवृत्त झालेले मास्तर तिथेच एकटे राहायचे. मुली सरावाला यायच्या, तेवढाच काय तो माणसांचा आवाज. म्हणून बॉक्सिंग संघटनेचे तज्ज्ञ डॉक्टर चक्रदेव येणार म्हटल्यावर मास्तरांनी फळीवरचा दुसरा कप धुऊन ठेवला.

मुली आळीपाळीने पोत्यावर ठोसे मारत होत्या, आणि एकजात साऱ्या डाव्या हाताने! डॉक्टर खूश झाले.

"बघा मास्तर, मी म्हणतो तेच. काही देशांच्या रक्तातच बॉक्सिंग असतं. तुमच्या तालुक्याच्या रक्तात नुसता डावा हात आहे. इथे सामान पाठवणं फुकट!"

मास्तरांनी एका मुलीच्या हातातला ग्लोव्ह काढून डॉक्टरांपुढे ठेवला.

"साहेब, संघटनेने दोन तालुक्यांत मिळून ग्लोव्हजची एकच जोडी दिली. कागदावर 'प्रत्येकी एक' लिहिलं होतं, म्हणून आम्हाला डावा आला. उघड्या हाताने पोतं मारलं की कातडी सोलवटते, म्हणून उजवा हात गप्प असतो. आता शेजारच्या तालुक्याचं रक्त तपासा. ते नक्की उजव्या हाताचं निघेल!"

मुली खदखदून हसल्या. डॉक्टर चहाला न थांबता जीपमध्ये बसले.

संध्याकाळी मुलीही घरी गेल्या. मास्तरांनी दुसरा कप पुन्हा फळीवर ठेवला आणि ग्लोव्ह खिळ्याला अडकवला. त्याच्या जोडीला ठोकलेला खिळा अकरा वर्षं रिकामाच होता.