लतीफची मोटारसायकल

फार वर्षांपूर्वी, म्हणजे डोंगरात रस्ता झाला होता पण एसटी अजून वर चढत नव्हती तेव्हा, आमच्या बोरघळीत कासम मिस्त्री राहायचा. त्याचा धाकटा भाऊ लतीफ पोटामागे परमुलखात निघाला आणि आपली मोटारसायकल कासमच्या दारात लावून गेला. "भाई, मी येईपर्यंत हिला बंद पडू देऊ नको," एवढंच म्हणाला. कासम रोज सकाळी किक मारायचा. तो आवाज आला की गावात चुली पेटायच्या, असं म्हणतात.

वर्षं गेली. लतीफचा पत्ता नाही. तसल्या गाड्यांचा कारखानासुद्धा बंद पडला. खालच्या गावांत लोकांनी त्या गाड्या उकिरड्याला टाकल्या, कोंबड्यांनी सीटवर अंडी घातली. पण डोंगरातल्या माणसाला नवी कुठून परवडणार? तो जुनीच ओढायचा आणि सुटा भाग काही कुठे मिळायचा नाही.

एकदा वरच्या वाडीची सगुणा बाळंतपणात अडली. तिला दवाखान्यात नेणारी, लतीफच्यासारखीच जुनी मोटारसायकल कासमच्या दाराशीच बंद पडली.

"चाचा, कार्बोरेटर गेला बघा! आता कसं करू?" तिचा नवरा रडकुंडीला आला.

कासमनं लतीफच्या गाडीवरून हात फिरवला आणि पाना उचलला. सगुणा वाचली, तिची पोरगीही वाचली. कासम मात्र ओट्यावर बसून ढसाढसा रडला. "भावाला आता काय तोंड दाखवू?" म्हणाला.

मग कुणी क्लच नेला, कुणी चाक, कुणी टाकी. नाही म्हणणं त्या माणसाला कधी जमलंच नाही. शेवटी दारात नुसता सांगाडा उरला. तरी कासम रोज त्यावर बसायचा आणि जिथं किक असायची तिथं हवेतच पाय मारायचा. त्यासरशी डोंगरातल्या सगळ्या गाड्या एका दमात सुरू व्हायच्या, असं म्हणतात. तो मान तिरकी करून ऐकत राहायचा. त्या आवाजांत लतीफची गाडी शोधायचा बिचारा.

कासम गेला. लतीफ आला नाही.

बोरघळीत आजही कुणी जुनी गाडी भंगारात घालत नाही. लतीफच्या गाडीचा कोणता भाग कुणाच्या गाडीत आहे, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. आणि घाट चढून एखादा अनोळखी म्हातारा आला, की त्याला आधी बसवतात, पाणी देतात आणि विचारतात, "गाडी न्यायला आलात का?"

त्यानं फक्त हो म्हणावं. सगळं गाव तिथल्या तिथं आपापल्या गाड्या खोलेल आणि उद्यापासून पायी चालेल.