टपावरची रेघ

हे कुणाला सांगायचं नाही, असं मुकुंददादाने मला बजावलं होतं. ‘गावात माझं नाव आहे,’ म्हणाला. ते खरंच आहे. फलटणमध्ये कुणालाही विचारा, बुवांचा मुकुंदा म्हणजे पहिल्या हाकेला हजर. पण त्या दिवसांत मी स्वयंपाकघराच्या खिडकीत असायचे आणि मला सगळं दिसलं. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याने नंतर सांगितलं, तेवढं त्याचं. बाकीचं मी पाहिलेलं आहे. ते लिहायला हरकत नसावी.

बुवा म्हणजे माझे आजोबा, कीर्तनकार दिगंबरबुवा वाळिंबे. गोष्टीत मात्र मी त्यांना सगळ्यांसारखं बुवाच म्हणते, आणि त्यांच्या शिष्याला, मुकुंददादाला, मुकुंदा.

‘...पण मग मी एकट्याने उभं कधी राहायचं, बुवा?’

बुवा पडवीतल्या झोपाळ्यावर पान लावत होते. त्यांनी चुन्याचं बोट पानाच्या शिरेवरून हळूच फिरवलं.

‘वडगावचे लोक रामनवमीला मला बोलावताहेत,’ मुकुंदा म्हणाला. ‘तुमच्या मागे झांज धरायला नाही. नारदाच्या गादीवर उभं राहायला. त्यांना काय सांगू?’

‘तुला काय वाटतं?’

‘तुम्ही म्हणाल ते.’

‘आणि मी काहीच म्हटलं नाही तर?’

‘तर नाही म्हणून कळवतो.’

हे म्हणताना मुकुंदाची मान ताठ झाली. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो बुवांकडे शिकत होता. आवाज असा, की तो आर्या म्हणू लागला की आतल्या बायका हातातलं काम खाली ठेवत. सगळी आख्यानं पाठ. पण त्याला अभिमान होता तो आवाजाचा नाही, पाठांतराचाही नाही. बुवांना आपल्यासाठी दुसरी हाक कधी मारावी लागली नाही, याचा होता.

एकच सवय होती त्याला. आर्या संपली की मान वळवून बुवांकडे बघायचं. बरोबर ना?

आजी एकदा म्हणालीच, ‘अरे, माणसं पुढे बसलीत. मागे भिंत आहे.’

बुवांनी विडा गालात ठेवला. अंगणापलीकडच्या पत्र्याच्या गॅरेजकडे पाहिलं.

‘गाडी रंगव.’

‘आं?’

‘गाडी रे. फियाट.’

ती फियाट बुवांच्या तरुणपणातली. पेटी-तबला मागच्या सीटवर घालून ती गावोगाव फिरली होती. आसपासच्या खेड्यांत तिला अजून ‘कीर्तनाची गाडी’च म्हणतात. विड्याच्या पानासारखा तिचा गर्द हिरवा रंग आता पोपडे धरून गळत होता.

‘उद्याच टाकतो रंगाऱ्याकडे,’ मुकुंदा म्हणाला.

‘रंगाऱ्याकडे मलाही टाकता आली असती. तू रंगव. इथंच.’

‘मला येत नाही, बुवा.’

‘कीर्तन तरी कुठं येत होतं?’

‘आणि वडगावचं?’

‘रंग वाळला की बघू.’

मुकुंदा उठला आणि गॅरेजचं दार उघडायला गेला. ‘का?’ असं त्याने विचारलं नाही. तो कधीच विचारत नसे.

मी खूप माणसं काम करताना पाहिली आहेत, पण इतक्या मायेने कुणी पत्रा घासताना पाहिलं नाही. गंज खरवडायचा, खड्ड्यात पुट्टी भरायची, ती वाळली की पाणी लावून पॉलिश पेपरने घासायची. मग डोळे मिटून तळवा फिरवायचा आणि पुन्हा घासायची. काचांवर त्याने जुनी वर्तमानपत्रं चिकटवली तीसुद्धा अशी, की एकही कोपरा वर आला नाही.

एसटी स्टँडमागच्या रंगाऱ्याने कॉम्प्रेसर आणि गन वापरायला दिली. देताना म्हणाला, ‘महाराज, एकच ध्यानात ठेवा. पत्र्यावर फवारा सुरू केला की तो पत्रा संपेपर्यंत थांबायचं नाही. ओली कड ओल्यालाच मिळाली पाहिजे. मध्ये थांबलात, कड वाळली, की रेघ पडते. मग ती वरून कितीही रंग द्या, झाकत नाही.’

दारं झाली. बॉनेट झालं. मागची डिकी झाली. आजी शेजारणींना बोलावून दाखवायची, ‘बघा हो, यात बघून कुंकू लावता येईल.’

राहिला टप.

टप सगळ्यांत अवघड. स्टुलावर उभं राहून अर्धा टप एका बाजूने करायचा, आणि ती कड वाळायच्या आत पलीकडे जाऊन उरलेला पुरा करायचा. मुकुंदाने जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली, तोंडाला फडकं बांधलं आणि सुरुवात केली.

निम्मा टप झाला आणि पडवीतून हाक आली.

‘मुकुंदा!’

कॉम्प्रेसर धडधडत होता. पण बुवांचा आवाज लाउडस्पीकरशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. मुकुंदाने गन खाली ठेवली आणि धावला.

‘काय बुवा?’

‘आज वार कोणता रे?’

‘बुधवार.’

‘बरं.’

तो परत आला तेव्हा कड वाळली होती. उरलेला टप त्याने पुरा केला, पण मधोमध रेघ पडली. बोटाला लागेल अशी खरखरीत.

संध्याकाळी बुवा काठी टेकत आले. रेघेवरून बोट फिरवलं.

‘हे काय?’

‘तुम्ही हाक मारलीत ना, तेव्हाची आहे.’

‘मी हाक मारली. रेघ कुणी ओढली?’

मुकुंदा हसला. त्याला वाटलं, बुवा आपल्याला पारखताहेत आणि आपण कसोटीला उतरलो. रंग कडक वाळू दिला, टप पुन्हा घासून काढला, आणि पुन्हा गन हातात घेतली.

पुन्हा निम्म्यावर हाक.

‘मुकुंदा!’

या वेळी तर तो जवळजवळ उडी मारूनच उतरला. जणू वाटच बघत होता.

बुवांच्या पुढ्यात कैरीच्या फोडी होत्या. ‘ही खाऊन बघ. आंबट आहे का?’

मुकुंदाने हिरव्या बोटांनी फोड तोंडात टाकली. डोळे बारीक झाले. ‘आहे.’

‘वाटलंच मला.’

आजी आतून कडाडली, ‘अहो, काय चालवलंय? पोराचा जीव खाताय नुसता! कैरी कधी गोड असते का?’

‘असू दे आजी,’ मुकुंदा म्हणाला, जरा मोठ्यानेच, झोपाळ्यापर्यंत पोहोचेल असं. ‘रंग काय, पुन्हा देता येतो. गुरूची हाक महत्त्वाची.’

आजीला ते आवडलं. पण मी बुवांकडे बघत होते. त्यांनी हातातली फोड ताटलीत परत ठेवली. नंतर ती खाल्ली नाही.

टपावर अर्थातच रेघ होती.

पुन्हा घासाघाशी झाली. आणि मग वडगावचा निरोप आला: संध्याकाळी आमचा माणूस येतो आहे, काय ते उत्तर द्या, नाहीतर आम्हाला दुसरा कीर्तनकार बघावा लागेल.

मुकुंदाने डबा उचलून हलवला. तळाशी उरलेला रंग टपाला एकदाच पुरला असता. नवा रंग घोटून आणला तर तो दारांशी तंतोतंत जुळेल, असं रंगारीसुद्धा छातीवर हात ठेवून सांगत नव्हता.

‘आजी,’ तो दबकत म्हणाला, ‘आज बुवांना काही लागलं तर तुम्ही बघाल?’

‘मी घरातच आहे. पण ते मला कशाला हाक मारतील? त्यांना तूच लागतोस.’

तो स्टुलावर चढला.

खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती आणि फक्त उजवा हात हलत होता. इकडून तिकडे. तिकडून इकडे. गवत कापणाऱ्या बाईचा हात जातो तसा, न घाईचा, न आळसाचा. ओला रंग पुढे सरकत होता आणि त्याच्यामागे पत्र्याच्या छतातला उजेड टपावर उतरत होता.

निम्मा टप झाला. मुकुंदा खाली उतरला, स्टूल उचलून पलीकडे गेला, चढला.

‘मुकुंदा!’

मान अर्धी वळली. मी पाहिली वळताना. पण हात थांबला नाही.

‘मुकुंदाऽऽ!’

दुसरी हाक. आजवर कधी मारावी न लागलेली. समोरच्या घरातले लोक ओट्यावर आले. मुकुंदाच्या कपाळावरून घाम निथळत होता. त्याने मान तिरपी करून तो दंडाला पुसला, म्हणजे थेंब टपावर पडू नये.

ओली कड पुढे सरकत राहिली.

आणि तिसरी हाक आली ती वेगळीच. थकलेली, तुटकी. म्हातारं माणूस कुठे पडलं तर मारील तशी.

मुकुंददादा मला म्हणाला, ‘त्या हाकेला मला वाटलं, बुवा पडले. आजी आहे ना घरात? आहे. असं स्वतःलाच दोनदा सांगितलं. समोर ती ओली कड होती. ती माझ्याशिवाय कुणाचीच नव्हती गं.’

हात शेवटपर्यंत गेला.

त्याने कॉम्प्रेसर बंद केला. एकदम इतकं शांत झालं, की झोपाळ्याची कडी कुरकुरताना ऐकू आली. म्हणजे बुवा झोका घेत होते. धडधाकट होते.

टपावर रेघ नव्हती. मी तसा हिरवा रंग कधी पाहिला नाही. पाऊस थांबल्यावर पान असतं तसा, आणि त्यात छताचे वासे उलटे दिसत होते.

पण मुकुंदाने ते पाहिलंच नाही. तो पडवीच्या पायरीशी जाऊन उभा राहिला.

‘बुवा... तुम्ही हाक मारलीत.’

‘मारली.’

‘मी आलो नाही.’

‘ऐकू नाही आली?’

‘आली.’

‘पहिली?’

‘सगळ्या.’

‘मग?’

क्षमा मागायची म्हणून मुकुंदा आला होता, पण तो शब्द काही तोंडातून निघेना.

‘हात कामात होता, बुवा,’ तो शेवटी म्हणाला.

बुवांनी झोपाळा पायाने थांबवला.

‘टप बघायला येता?’ मुकुंदाने विचारलं.

‘नको.’

‘वडगावचा माणूस येईल आता,’ बुवा म्हणाले. ‘त्याला काय सांगणार आहेस?’

‘तुम्ही...’

एवढंच बोलून मुकुंदा थांबला. कोपरापर्यंत हिरव्या झालेल्या आपल्या हातांकडे त्याने पाहिलं. आजी दारात येऊन उभी राहिली होती.

‘येतो म्हणून सांगतो,’ मुकुंदा म्हणाला.

आणि पाया पडायला वाकला. बुवांनी दोन्ही पाय वर झोपाळ्यावर ओढून घेतले.

‘उद्यापासून इथं येऊ नकोस.’

मुकुंदा सरळ झाला. ‘बुवा, माझं चुकलं असेल तर...’

‘यापुढं हाक तू मारायचीस,’ बुवा म्हणाले. पानाचा डबा जवळ ओढून त्यांनी एक पान निवडलं, धोतराला पुसलं. ‘माझे हात रिकामे असले, तर येईन.’

मुकुंददादा पायरीवर तसाच उभा राहिला, आणि मला खिडकीतून दिसलं की त्याच्या

आले गं आजी, ऐकली हाक! एवढं वाक्य लिहून...