कोकोवाँ आणि तिसरी वाटी

फार लांबची नाही, आपल्याच समुद्राच्या काठची गोष्ट. एका निळ्या खाडीच्या तोंडाशी, हिरव्यागार रानाच्या कडेला एक इवलंसं घर होतं. घर कसलं, तीन मातीच्या भिंती आणि चौथीला झावळ्या! तिथे बकुळा नावाची नऊ वर्षांची मुलगी आणि मुसूआजोबा राहत.

मुसूआजोबा काही तिचे सख्खे आजोबा नव्हेत. ते दूर फ्रान्स देशाचे, एका मोठ्या जहाजावरचे आचारी. खूप वर्षांपूर्वी वादळात जहाज फुटलं आणि लाटांनी त्यांना या वाळूत आणून टाकलं. गावाने त्यांना भात वाढला आणि ते इथलेच झाले. त्यांच्या देशात पुरुषमाणसाला 'मोस्यू' म्हणतात म्हणे. गावाने त्याचं सरळ 'मुसू' करून टाकलं. पुढे बकुळाचे आईबाप तापाने गेले, तेव्हा याच मुसूआजोबांनी तिला उचलून घरी आणलं. तेव्हापासून तिला ते आणि त्यांना ती, तिसरं कुणी नाही.

आता मात्र आजोबा अंथरुणाला खिळले होते. ताप उतरला, पण अन्नावरची वासनाच उडाली. पाच दिवसांत पेजेचा एक घोट पोटात गेला नव्हता.

"आजोबानू, दोन घास तरी खावा," बकुळा काकुळतीने म्हणाली.

"नको गो, बकूला." ते तिला असंच, लाडाने की जिभेमुळे देव जाणे, 'बकूला' म्हणत. "माका फकत कोकोवाँ व्हया. माझी आवस करी, ता."

आवस म्हणजे आई. आणि कोकोवाँ म्हणजे काय, हे बकुळाला तोंडपाठ होतं. रोज संध्याकाळी आजोबा ती गोष्ट सांगत. कोंबडी लालसर परतायची. मग छोटे छोटे कांदे, मग अळंबी. वासाच्या पानांची जुडी बांधून आत सोडायची. वरून फळाचा लाल, आंबट रस ओतायचा आणि मंद आचेवर ठेवून द्यायचं. "वाट बघूक व्हयी, बकूला. तोच खरो मसालो," असं म्हणून ते डोळे मिटत.

फळाचा लाल, आंबट रस! बकुळा मनातल्या मनात खुदकन हसायची. अहो, हे तर कोकम! इतकी वर्षं कोकणात काढली, पण आजोबांना अजून 'कोकम' काही नीट म्हणता येत नाही!

पण घरात होतं काय? छपराला टांगलेली पांढऱ्या कांद्यांची माळ, दोन नारळ, गुळाचा एक खडा आणि श्रावणात वाळवलेली मूठभर अळंबी. कोंबडी नव्हती. कोकमाच्या रसाची बाटली रिकामी होती आणि रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकायला अजून चार महिने होते. आजोबा चार महिने थांबणार नाहीत, हे बकुळाला कुणी सांगितलं नव्हतं, तरी कळत होतं. तिला फार फार भीती वाटत होती.

सकाळी ती सरपणासाठी रानात गेली. सोनसळी ऊन पानापानांतून ठिबकत होतं. इतक्यात एका जुन्या फणसाच्या खोडावर काहीतरी चमचम चमचम लुकलुकलं. बघते तर काय, बोटभर उंचीची परी! मोरपिशी झगा, दवाच्या थेंबांची माळ, आणि पंख मात्र फणसाच्या चिकात घट्ट चिकटलेले.

"ओढू नको हां, फाटतील!" परी रडवेल्या आवाजात म्हणाली.

फणसाचा चीक तेलाशिवाय सुटत नाही, हे कोकणातल्या पोरीला शिकवावं लागत नाही. पण तेल आणायचं कुठून? बकुळाने आपली वेणी पुढे घेतली. सकाळीच तिने नारळाचं शेवटचं चमचाभर तेल केसांना लावलं होतं. त्या वेणीच्या शेंड्याने ती हळूहळू, फुंकर घालत घालत पंख पुसत राहिली. दुपार झाली तेव्हा कुठे परी सुटली आणि भुर्रकन तिच्या खांद्यावर येऊन बसली.

"गुणाची बाय माझी! तीन गोष्टी माग. पण माझे नियम ऐक. माझ्या झोळीतून चुलीपाशी जाईल तेवढंच निघतं. जे नाव तोंडातून पडेल, तेच येतं, बदलून मिळत नाही. आणि चव मागायची नाही. ती माझ्याकडे नाही."

"माझ्या आजोबांका बरा कर ना गो," बकुळा पटकन म्हणाली.

परीचा चेहरा उतरला. "ते चुलीवर चढत नाही, बाळ."

बकुळाने डोळे पुसले. "मग एक कोंबडी दी. साफ केलेली!" हे तिने घाईघाईने जोडलं, नाहीतर कोंबडी फडफडत रानात पळाली असती. "आणि दुसरा म्हणजे... कोकम."

"नक्की कोकमच?" परीने गालातल्या गालात हसत विचारलं.

"नक्की!"

केळफुलाच्या जांभळ्या पाकळीची ती झोळी एवढीशी, पण तिच्यातून सगळं बाहेर आलं. कोकमाचा दाट रस तर माणकासारखा लालचुटूक होता.

घरी येऊन बकुळाने चूल पेटवली आणि तिच्या मागोमाग आलेली परी खिडकीत बसली. कोंबडी तिच्याच चरबीवर परतली, कांदे सोडले, भिजवलेली अळंबी घातली. येताना रानातून तोडलेली दालचिनीची पानं केळीच्या खोडाच्या सालीने, सोपटाने, बांधून आत टाकली. वरून कोकम ओतलं आणि गुडघ्यांना मिठी मारून ती वाट बघत बसली. रटरट, रटरट! घरभर वास दरवळला आणि तिच्याच पोटात कावळे कोकलायला लागले. तिने चमचाभर चाखून पाहिलं तर आंबटढाण!

"परी गो, आता काय करू?"

"मला काय विचारतेस?" खिडकीत बसलेली परी हळूच म्हणाली. "मी आजवर कितीतरी चुलींपाशी वस्तू पोचवल्या. पण मला कधी कुणी वाढलंच नाही. चव कशी असते, मला ठाऊक नाही."

मग बकुळाने स्वतःच्या जिभेला विचारलं. गुळाचा खडा टाकला, नारळाचं दूध घातलं, पुन्हा चाखलं, आणि दोन वाट्या भरल्या.

आजोबांनी एक घास घेतला आणि डोळे उघडले. "बकूला, ह्या कोकोवाँ नाय."

बकुळाने चुलीवरच्या भांड्यात डोकावून पाहिलं. "पण मी कोकम घातलंय ना!"

"कोकम?" आजोबा थक्क झाले. "अगो, कोक म्हंजे कोंबडो. वाँ म्हंजे द्राक्षांची दारू."

खिडकीतून परी कुजबुजली, "एक मागणं उरलंय, बाळ. आता खरं नाव कळलं तुला."

बकुळाने ओठ उघडलेही. पण आजोबांनी रिकामा चमचा पुढे केला होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते हसत होते.

"आणखी दी. माझ्या आवशीचा नाय ह्या. ह्या माझ्या बकूलाचा. ह्या मी रोज खाईन."

त्यांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली. पाच दिवसांनी! बकुळा आनंदाने रडायलाच लागली. मग तिचं लक्ष खिडकीत एकट्या बसलेल्या परीकडे गेलं.

"तिसरा मागतंय. एक वाटी दी."

"नुसती रिकामी वाटी?"

"आमच्या घरात दोनच असत. तिसरी तुका. ये, बस जेवूक."

परीने झोळीत हात घातला. झोळीतून एक चिमुकली चांदीची वाटी निघाली. बकुळाने ती काठोकाठ भरली. परीने पहिला घास घेतला आणि तिच्या पंखांत रंग चढत गेले, कोकमाचा लाल, गुळाचा सोनेरी, नारळाचा दुधाळ. "अशी असते होय चव!" ती म्हणाली, आणि हसता हसता प्रकाशच होऊन गेली. सारं घर झगमगलं. मग खिडकीत फक्त ती वाटी उरली.

त्या दिवसापासून रोज सकाळी वाटीपाशी काहीतरी असतं, कधी दोन अंडी, कधी ताजी अळंबी, कधी मूठभर तांदूळ. आजोबा ठणठणीत बरे झाले आणि पुन्हा चुलीपाशी बसून बकुळाशी हुज्जत घालू लागले. संध्याकाळी तीन वाट्या वाढल्या जातात आणि तिसरीही रिकामी होते. पाखरं खात असतील, असं गाव म्हणतं. म्हणेना का!

गोष्ट आता निवली. ज्याला भूक असेल त्याने वाटी पुढे करावी.