गळालेली नवमी

"पण बुवा, जी तिथी पंचांगात उरलीच नाही, त्या तिथीला जन्मलेली पोर शुभ कशी असेल?"

मोरेश्वराने गणिताची पाटी पुढे सरकवली. केदारबुवांच्या मठात तो तीन वर्षं पंचांग शिकत होता. आता बुवांनाच दोन गोष्टी शिकवाव्यात, इतपत आपली तयारी झाली आहे असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

समोर सगुणा बसली होती, मांडीवर अकरा दिवसांची लेक. उद्या बारसं. पण मोरेश्वराने पत्रिकेवर 'क्षयतिथी, अशुभ' असं लिहून दिलं होतं. ते कळल्यापासून मुलीची आत्या नाव ठेवायला यायला तयार नव्हती. सासू तर म्हणत होती, पोर माहेरीच ठेवून ये.

"एकदा तुम्ही बघा, बुवा..."

बुवांनी पाटी पाहिली. "गणित बरोबर आहे."

सगुणाचा चेहरा उतरला. मोरेश्वराची मान ताठ झाली.

"मग नवमी गेली कुठे?" बुवांनी त्याला विचारलं.

"सूर्योदयाला जी तिथी, तीच त्या दिवसाची. ही नवमी सूर्योदयानंतर लागली आणि पुढच्या सूर्योदयाआधी संपली. म्हणून अष्टमीनंतर एकदम दशमी. नवमीचा क्षय!"

"असं... जरा अंगणातल्या फरश्यांवरून विहिरीपर्यंत चालून ये. एक फरशी म्हणजे एक तिथी. एक पाऊल म्हणजे एक सूर्योदय."

हा काय पोरखेळ, असं पुटपुटत तो निघाला. फरश्या जराशा आखूड, याच्या तंगड्या लांब; एका फरशीवर पाऊल पडलंच नाही.

"कुठली सुटली?"

"सहावी."

"मेली?"

"मरेल कशी? जागच्या जागी आहे की! माझंच पाऊल तिच्यावर..."

तो थांबला.

बुवा उठले. त्यांनी सगुणाच्या मांडीवरून पोरीला उचललं आणि सहाव्या फरशीवर जाऊन ऐसपैस मांडी घातली. पोरीने मोठी जांभई दिली.

...

मोरेश्वराला आधी लाज वाटली. मग इतका आनंद झाला की काय करावं ते कळेना. पत्रिका हातात घेऊन त्याने 'अशुभ'वर काट मारली, कागद फाटेपर्यंत.

"उद्या मी येतो, ताई. अख्ख्या गावाला अंगणात चालायला लावतो! आत्याबाई सगळ्यांत पुढे!"

अकरा दिवसांत सगुणा पहिल्यांदा हसली. डोळे पुसत तिने विचारलं, "नाव काय ठेवू, बुवा?"

"नवमी. आणि आत्याला म्हणावं, कानात नको सांगू... वेशीपर्यंत ऐकू जाऊ दे."