छातीचं कडं

ससाणे आणि घारींचं युद्ध संपलं तेव्हा त्या माळावर शांतता होती आणि खायला काहीही नव्हतं. कुरणं जळून गेली होती. कुठे चार कणसं दिसलीच, तर त्यांच्याखाली युद्धात मांडलेले जुने फासे अजून दबा धरून बसलेले असत. तह मात्र थाटात झाला. दोन्ही राजांनी एकाच ताटात मांस खाल्लं. ते कोणाचं, हे विचारण्याचा आगाऊपणा कोणी केला नाही.

वठलेल्या बाभळीवर एक सुगरण तीन पिल्लं घेऊन राहत होती. त्यांचा बाप कणसं आणायला गेला आणि फाशात अडकून मेला. सुगरणींच्या घरात रीत अशी, की चोचीत काहीही आलं तरी पहिला दाणा धाकट्याचा. भर युद्धातही तिने ती मोडली नव्हती.

मग दूरदेशाहून करकोचे आले. पांढरेशुभ्र, मृदू बोलणारे, पोटभर जेवलेले. दाणा सगळ्यांना पुरणार नव्हता, म्हणून न्यायाने वाटावा यासाठी त्यांनी एक कडं आणलं होतं. ते दर आठवड्याला घरातल्या एका पिल्लाच्या डोक्यावरून घालायचं. छातीवर अडलं, तर पिल्लू धडधाकट. खाली उतरलं, तर घराला द्रोणभर दाणे.

धाकट्या इवलीच्या छातीवरून ते उतरलं. त्या आठवड्यात घर जेवलं; पहिला दाणा अर्थातच इवलीचा. पुढच्या मापाला कडं तिच्या छातीवर अडलं.

"वा, बाई! पोर सुधारलं की तुमचं!" करकोचा मनापासून म्हणाला. "आता दाण्याची गरज उरली नाही."

बाकीच्या करकोच्यांनी कौतुकाने पंख फडफडवले. सुगरण रिकामा द्रोण घेऊन परतली. तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. तो इवलीच्या त्या एवढ्याशा छातीवर होता.

तिने रीत मोडली. शेजारणीकडून मागून आणलेली फोलपटं थोरल्याला आणि मधलीला गेली. इवलीला चोचीला लागलेला भुसा मिळाला.

"आई, पहिला दाणा माझा ना गं?"

"उद्या हं, बाळा. उद्या माप आहे."

"आज खाल्लं तर?"

"तर कडं अडेल. मग ही दोघं काय खातील?"

इवलीने बराच विचार केला. "मी श्वास सोडून उभी राहीन," ती म्हणाली. "म्हणजे अडणार नाही."

सुगरणीला तिच्याकडे बघवेना. तरी त्या दिवशीही तिने भुसाच दिला.

मापाला इवली खरंच श्वास सोडून उभी राहिली. कडं छातीवरून, पोटावरून, शेपटीवरून सरळ जमिनीवर पडलं. इवलीही त्यातच कलंडली. सोडलेला श्वास तिने परत घेतला नाही.

"याहून गरजू घर अख्ख्या माळावर नसेल," करकोचा हळहळला आणि त्याने द्रोण शिगोशीग भरला.

सुगरणीने द्रोण चोचीत धरला. हंबरडा फोडायला चोच उघडली असती, तर दाणे सांडले असते. ती तशीच उडाली.

घरट्यात दोघं चोची वासून बसली होती. तिने द्रोण बाजूला ठेवला. पंजाची नखं जुळवून कडं केलं आणि आधी मधलीच्या छातीभोवती धरलं, मग थोरल्याच्या.

दोघांनी चोची मिटल्या आणि होत्या नव्हत्या तेवढ्या छात्या फुगवल्या.