लिंबाजीचा पट्टा आणि लिंबाजीची साखळी

एका गावात लिंबाजी नावाचा एक भोळा गाडीवाला होता. सांगितलेला शब्द तो कधी खाली पडू द्यायचा नाही. उचलायचा आणि भलतीकडेच नेऊन ठेवायचा.

एकदा त्याची गाडी चढावर बंद पडली. चाँदभाई मिस्त्रीनं इंजिन उघडलं.

"लिंबाजीराव, टायमिंगचा पट्टा तुटलाय. रबराचा असतो हा. त्यावर तेल गळून कुजला. याला तेलाचा थेंबही लागू द्यायचा नाही!"

"कळलं," लिंबाजी म्हणाला.

ती गाडी त्यानं काढून टाकली, दुसरी आणली. हिच्या इंजिनात पट्ट्याच्या जागी लोखंडी साखळी होती. घरी आल्याआल्या लिंबाजीनं इंजिनातलं सगळं तेल काढून ओतून दिलं. वेशीपर्यंत गेला नाही तोच इंजिन जाम.

चाँदभाईनं कपाळाला हात लावला. "अहो, पट्ट्याला तेल चालत नाही. साखळी तेलावरच जगते! साखळी म्हटलं की तेल हवंच."

"कळलं."

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. गळ्यात सोन्याची साखळी. लिंबाजीनं अदबीनं नमस्कार केला आणि त्यांच्या मानेवर अर्धा डबा तेल ओतलं. सासूबाई नव्या लुगड्यासकट मिस्त्रीकडे तक्रार घेऊन गेल्या.

"इंजिनातली साखळी हो!" चाँदभाई ओरडला. "आता एवढंच ध्यानात ठेवा. साखळी खडखडली की गाडी जागच्या जागी बंद. तसूभर पुढं न्यायची नाही. आधी मला बोलवायचं."

"कळलं."

पुढच्या आठवड्यात मेहुण्याचं लग्न होतं. मुहूर्त बाराचा. लिंबाजी नवरदेवाला आणि सासूबाईंना घेऊन निघाला. एवढा विश्वास टाकला म्हणून त्याचा ऊर भरून आला होता. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं. गाडी रुळांवर चढली, तेवढ्यात मागं फाटकवाल्यानं रस्त्याला आडवी साखळी ओढली.

खडखड, खडखड!

लिंबाजीनं तिथंच इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.

"दाजी, आगगाडी!" नवरदेव किंचाळला आणि सासूबाईंचा हात धरून शेतात पळाला. फाटकवाला लाल झेंडा घेऊन धावला. आगगाडी किंचाळत, ठिणग्या उडवत, हातभर अंतरावर थांबली. चालक लालबुंद होऊन खाली उतरला.

"रुळावर गाडी का थांबवलीस रे?"

"साखळी वाजली," लिंबाजी शांतपणे म्हणाला. मग त्यानं त्या एवढ्या मोठ्या इंजिनाकडे काळजीनं पाहिलं.

"तुमचाही आवाज बरा नाही हो. बरं झालं थांबलात. चाँदभाईला निरोप धाडतोच आहे. तुमच्यात काय आहे, पट्टा का साखळी?"